जांभळं पाकीट

३ फेब्रुवारी

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लांबलं त्याला कारण शाळेचे गणवेश. या वेळी सगळ्या मुलांचे शर्ट माझ्याकडेच आले आणि मी हो म्हणून बसले. घरभर निळं कापड पसरलं आहे. काल चहात दोरा निघाला.

तुमच्या भावाची तब्येत थोडी वर सरकली आहे, असं डॉक्टर म्हणतात. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली ती गेलीच, पण आता उशीच्या आधाराने बसतात आणि डाव्या हाताने पेला धरतात. कळतं सगळं. बोलायला जातात आणि शब्द सापडत नाही, मग माझ्यावर डोळे वटारतात. डोळे वटारले म्हणजे सुधारणा आहे, असं मी धरून चालते.

डॉक्टर म्हणाले की नुसती भिंत बघत ठेवू नका, समोर काहीतरी असू दे. म्हणून मी माळ्यावरून यांची रेकॉर्डची जुनी पाकिटं काढली, ग्रामोफोनच्या दुकानात काउंटरवर होते तेव्हाची. तबकड्या केव्हाच तडकल्या, काही लोकांनी नेल्या आणि परत दिल्या नाहीत, पण कागदी पाकिटं राहिली होती. खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी सगळी टांगली. हिरवं, पिवळं, गुलाबी पडद्याचं चित्र असलेलं, तारेवरच्या पक्ष्यांचं आणि एक जांभळं. खोलीला एकदम रंग चढला.

गंमत पुढेच आहे. माप द्यायला येणाऱ्या बायकांनी ती बघितली आणि आता घराघरांतून पाकिटं यायला लागली. कापड टाकतात आणि वर एक पाकीट ठेवून जातात. एकीने तर कारंज्याचं चित्र असलेलं दिलं, सोनेरी छपाईचं. तुम्ही इतकी वर्षं हा नाद का धरलात, ते मला आता कुठे कळायला लागलं आहे.

एकदा येऊन बघून जा. आजारपण आल्यापासून तुमचं येणं झालेलं नाही. आग्रह नाही, पण आता ते बसतात, तर तुम्हालाही बघून बरं वाटेल.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, त्याची मला सवय झाली आहे.

आपली,
भावजय


९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कपड्यांचे चिमटे? अगं, ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात माझा जन्म गेला. फाटकी पानं जोडली, कुजलेल्या शिवणी सोडवल्या, लोकांनी पुस्तकात ठेवलेली केळ्याची सालंसुद्धा काढली, पण कागदाला चिमटा लावलेला मी पाहिला नव्हता. चिमट्याचे दात कागदात कायमचे उमटतात. खिडकीतल्या उन्हाने महिन्याभरात तुझं गुलाबी पांढरं होईल. तुझ्या रेशमी कापडाला मी कात्रीऐवजी ब्लेड लावलं तर तुला कसं वाटेल, तसं मला वाटलं.

आता दुसरं. मला पोटशूळ उठला आहे आणि तो मी लपवत नाही. मी भंगारवाल्यांच्या दारात उभी राहून म्हातारी झाले. ‘बाई, रेकॉर्ड नको आणि नुसतं पाकीट हवं, म्हणजे तुम्ही टरफलं खाऊन शेंगदाणे टाकणार का’, असं त्यांनी विचारलेलं ऐकून घेतलं. सोनेरी कारंज्यासाठी मी एका विधवेच्या घरी तीनदा गेले आणि तिने प्रत्येक वेळी चहा देऊन परत पाठवलं. आणि तुला ते शर्टाच्या मापाबरोबर मिळतं.

आणि जांभळं. तू ते असं मधेच लिहून टाकलंस, जणू काही ते कुणाकडेही असतं. आमचा भोंगा, म्हणजे तुझा नवरा, काउंटरवर असायचा त्या दुकानाचा मालक दर वर्षी पाकिटाचा रंग बदलायचा. ते सगळे रंग माझ्याकडे आहेत. माझा नादच मुळी तिथून सुरू झाला. जांभळं तेवढं नाही. ती शाई धड वाळायची नाही, गिऱ्हाइकांच्या बोटांना लागायची, म्हणून थोडीच छापून मालकाने बंद केली. भोंगा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याची बोटं जांभळी असायची आणि मी त्याला जेवायच्या आधी साबणाने घासायला लावायचे. मला एक आण म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. संपली, म्हणाला. आणि ते निघालं तुझ्या माळ्यावर.

थोडे दिवस माझ्याकडे पाठव. मला ते हातात धरून बघायचं आहे, टांगलेलं नाही. मी आले असते, पण गुडघा जिना चढू देत नाही आणि बसचा प्रवास म्हणजे शिक्षा. भोंग्याला माझे आशीर्वाद सांग. तू त्याला भोंगा म्हटलेलं आवडत नाही हे माहीत आहे, पण पाळण्यात असताना तो रडायला लागला की तीन घरं सोडून लोक खिडक्या लावायचे. ते नाव मी कष्टाने दिलेलं आहे.

कळावे, आणि मत्सरी म्हातारीवर राग नसावा.

तुझी,
नणंद


१७ फेब्रुवारी

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

चिमटे काढले. उरलेल्या पातळ पांढऱ्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येक पाकिटाच्या मापाची, वर पट्टी घातली आणि पट्टीतून दोरी ओवली. रंग कापडातून दिसतो आणि कागदाला काही लागत नाही. खिडकीला पडदाही केला. आता तरी खूश व्हा. टरफलांचं वाचून दाखवलं तेव्हा यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला.

जांभळं पाठवायला माझं मन घेत नव्हतं. ते यांच्या अगदी समोर असतं. मी ते उलटं लावते, मागची बाजू पुढे करून. का ते विचारू नका, या वयात लाज वाटते. यांना विचारलं की पाठवू का, तर बराच वेळ नुसतं बघत राहिले. वन्संना हवं आहे म्हटल्यावर मान हलवली. तुमचं नाव काढलं की माझ्या घरात हे असं होतं. मी सांगितलं तर औषधाच्या चमच्याला तोंड फिरवतात, आणि वन्संनी घ्यायला सांगितलं आहे असं खोटं सांगितलं की मुकाट्याने घेतात. मी रोज खोटं सांगते.

दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, कडा शिवून पाठवते आहे. जसं आहे तसं परत पाठवा. एरवी मी कधी काही मागत नाही.

गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. जुन्या बाजारात हिंडताना तो दुखत नाही हे त्यातल्या त्यात बरं.

चुकलं माकलं पोटात घाला.

आपली,
भावजय


२६ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

पाकीट परत पाठवते आहे. तुझ्या पुठ्ठ्यावरची शिवण उसवायला मला अर्धी सकाळ लागली, इतकं घट्ट कुणी शिवतं का? माझ्यावर विश्वास नव्हता वाटतं.

काय रंग आहे गं. ताज्या वांग्यासारखा. मधल्या गोल भोकाभोवती बारीक चांदण्या, आणि खाली ‘सुया बदलून मिळतील’ हे किती ऐटीत लिहिलंय, जणू काही राज्य बदलून मिळणार आहे. मी ते टेबलावर ठेवलं आणि माझी सगळी पाकिटं त्याच्याभोवती मांडली. त्यांच्यात ते शोभून दिसलं. तुझ्या दोरीवर एकटं पडत असेल असंही वाटलं. खरं सांगते, ठेवून घ्यावं असं मनात आलं. पोस्टात हरवलं म्हणून कळवावं, इथपर्यंत विचार गेला होता. एकदा चिकटवून बंद केलेलं पार्सल पुन्हा उघडलं, एवढ्यावरून समजून घे.

तुझ्यासाठी थोडं कामही केलं. खालची कड सुटली होती, ती पातळ कागद लावून आतून जोडली. दमट टिपकागदात ठेवून वजनाखाली दाबलं, त्यामुळे सुरकुत्या गेल्या. मागच्या बाजूला कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलने काहीबाही गिरगटलं होतं, तेही मऊ खोडरबरने काढून टाकलं. आता छापखान्यातून आल्यासारखं कोरं दिसतं. ग्रंथालयातसुद्धा असं काम माझ्या हातून रोज होत नसे.

भोंग्याला दाखव. ताईने नवं करून पाठवलं म्हणून सांग.

तुझ्या पिशव्यांची कल्पना चांगली आहे. मला आधी सुचायला हवी होती, ती तुला सुचली, हे मला मुळीच आवडलेलं नाही.

कळावे, आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
नणंद


४ मार्च

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पोचलं. कड सुरेख जोडली आहे.

मागे कोपऱ्यात कुणीतरी गिरगटलेलं नव्हतं. ते यांनी लिहिलं होतं. मी तेव्हा ग्रामोफोनच्या दुकानासमोरच्या शिंप्याकडे काजं करायला होते. घरी ग्रामोफोन नव्हता, घरमालकिणीकडे होता आणि ती रविवारी ऐकू द्यायची, तेवढ्यावर मी पगारातून रेकॉर्ड घ्यायची. हे काउंटरवरून मान वर करायचे नाहीत. त्या दिवशी जांभळ्या पाकिटात घालून दिली आणि घरी येऊन बघते तो मागे पेन्सिलीने लिहिलेलं, की तबकडी बदलून हवी असेल तर स्वतः या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका. तबकडी चांगली होती. मी बदलायला गेले.

यांनी मला आयुष्यात लिहिलेलं एवढंच. पुढे एका घरात राहिलो, एकमेकांना पत्र कशाला लिहिणार? आणि आता लिहिणारा हात गेला.

परवा पाकीट पिशवीत घालायच्या आधी नेहमीसारखं उलटं यांच्यासमोर धरलं. यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डाव्या हाताचं बोट कोपऱ्याकडे केलं आणि ते तसंच धरून ठेवलं. मी म्हटलं, पोस्टात घासून गेलं असेल. तुमच्यासाठी खोटं बोलले ते यांच्या तोंडावर बोलले आणि यांना ते पटलं नाही.

एकच विचारते. यांना अक्षरं तुम्ही शिकवलीत, असं हे नेहमी सांगायचे. तुम्हाला ते अक्षर ओळखू आलं नाही?

आपली,
भावजय


१० मार्च

चि. सौ. वहिनीस,
आशीर्वाद.

तुला एक उत्तर लिहून झालं होतं. त्यात माझी नजर, मंद दिवा, इतक्या वर्षांची हाताची सवय, सगळं नीट घातलं होतं. वाचायला छान झालं होतं. ते फाडून टाकलं आणि हे लिहिते आहे.

ओळखलं. पहिल्या दोन अक्षरांतच ओळखलं. त्याचा काना ओळीच्या खाली लोंबतो, त्यावरून मी त्याला पाटीपाशी किती रडवलंय. ओळखलं आणि पूर्ण वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

मला वाटायचं, याचं मला ठाऊक नाही असं काही नाही. आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. त्याचे ताप मी काढले, त्याच्या बुटांत कागद मी कोंबले, नोकरीला लावलं मी. लग्न ठरवून आला तेव्हा मी विचारलं की ही मुलगी कुठे भेटली, तर म्हणाला, अशीच, ओळखीतून. मी ते खरं धरून बसले. आणि हा जांभळी बोटं घेऊन काउंटरवर असलं काही लिहीत होता आणि घरी येऊन मला सांगत होता की पाकिटं संपली. माझ्यासाठी संपली होती. मला तुझा मत्सर वाटला, वहिनी. पाकिटाचा नव्हे, तो तर गमतीचा होता. हा खरा होता, तोंड कडू करणारा.

रबर हातात होताच. मनाशी म्हटलं, डाग आहे, आणि डाग काढणं माझं काम आहे. एकेक शब्द काढला. इतकं मन लावून मी कधी काही खोडलं नसेल.

तुला वाटत असेल की तिरक्या उजेडात धरलं तर पेन्सिलीचा दाब दिसेल. पाठवायच्या आधी मी तसं धरून बघितलं होतं, काही उरलं नाही ना म्हणून. उरलेलं नाही.

गुडघ्याचं तू ओळखलंसच. तो समोर बसणार आणि त्याच्या तोंडून ताई निघणार नाही, हे मला बघायचं नव्हतं. तुझ्याकडे बघून तो निदान डोळे वटारतो. मी आले आणि तो नुसता बघत राहिला तर मी काय करू? म्हणून इथे बसून पाकिटं पुसत राहिले.

क्षमा मागावी असं मनात येतं, पण तो शब्द लिहिला की फार थोडा वाटतो. त्याला खरं काय ते सांग. पोस्टावर आळ नको.

तुझी,
नणंद


२२ मार्च

ती. स्व. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि मशीनवर बसले. एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या, तेव्हा उठले.

मग यांना ते सगळं वाचून दाखवलं. तुम्हीच खरं सांगायला सांगितलं होतं. बुटांत कागद कोंबल्याचं आलं तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मत्सराचं आलं तेव्हा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा आवाज करून हसले. मला त्याचाच राग आला. माझी आयुष्याची ठेव गेली आणि या माणसाला हसू येतं. दोघी आपल्यासाठी भांडताहेत म्हणून खूश झाले असतील, पुरुषच ते.

मी हट्टाला पेटले. पुठ्ठ्यावर पाकीट ठेवलं, डाव्या हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं की जे होतं तेच पुन्हा लिहा, मला ते हवं आहे. आधी जुन्या कागदांवर सराव करवला. पहिले काही दिवस नुसत्या रेघा, त्याही कागदाबाहेर जाणाऱ्या. पेन्सिल खाली पडायची, मी उचलून द्यायची, हे डोळे वटारायचे, मीही वटारायची. मग अक्षरासारखं काहीतरी व्हायला लागलं.

काल सकाळी यांनी पाकीट पुढे ओढून घेतलं आणि त्याच कोपऱ्यात लिहायला लागले. मी मशीनवर होते. मुद्दाम वळून बघितलं नाही. पूर्ण होऊ दे म्हटलं. मनात तो सगळा मजकूर पाठ होता, पहिला शब्द कुठे बसेल तेही ठरवून ठेवलं होतं. पेन्सिल थांबली तेव्हा गेले. एकच शब्द होता. ताई.

वन्सं, मी यांना सकाळ संध्याकाळ उठवते बसवते, भरवते, रात्रीची कूस मी बदलते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कापड बेतायच्या कागदावरच्या रेघा पुसायला माझ्याकडेही रबर असतो. तो मी हातात घेतला. हे बघत होते. त्यांनी मला अडवलं नाही, पाकीटही ओढून घेतलं नाही. तुम्हाला त्या टेबलापाशी काय झालं असेल ते तेव्हा मला कळलं, आणि कळलं म्हणून आणखी राग आला. बराच वेळ उभी राहिले. मग रबर खणात ठेवला आणि दुसऱ्या डाव्या बाहीची शिवण उसवत बसले.

शब्द पूर्ण आहे. काना खाली लोंबतो आहे, तुमच्या पाटीचा काही उपयोग झालेला नाही.

ते पाकीट मी पाठवणार नाही. बघायचं असेल तर इथे येऊन बघावं लागेल. कालपासून हे दाराकडे तोंड करून बसतात. कुणी माप द्यायला आलं की मान वर करतात आणि मग खाली घालतात. हे मला बघवत नाही.

आपली,
भावजय


२६ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उघडलं आणि दारातच बसले. शेजारणीला वाटलं मला घेरी आली. तिने पाणी आणलं आणि विचारलं की काय झालं. मी सांगितलं की माझ्या भावाने मला हाक मारली. ती गोंधळून परत गेली.

रविवारी सकाळच्या बसने येते. त्याला आधी सांगू नकोस, नाहीतर शनिवारपासून जेवणार नाही.

तू रबर खणात ठेवलास. मला ते जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर याचाही मला थोडा मत्सर वाटला.

माझ्याकडचं सगळ्यात कोरं पाकीट घेऊन येते, पिवळं, चंद्राच्या चित्राचं. त्याला मी आजवर कुणाला बोट लावू दिलेलं नाही, स्वतः लावतानाही हात धुते. ते त्याच्या पुढ्यात ठेवू आणि पेन्सिल देऊ. काय लिहायचं ते दोघींनीही सांगायचं नाही. मी दार लावून स्वयंपाकघरात जाऊन बसेन. तो तुझं नाव लिहील असं मला वाटतं, निदान लिहायला हवं. लिहिलं की मला हाक मार. माझा जळफळाट होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. तरीही हाक मार, मी येऊन बघेन.

थोडा लोभ माझ्यासाठी शिल्लक ठेव.

तुमची,
ताई